जुनो-१०६ : दर सहावा सूर गायब, खरखरतो किंवा बंदच होत नाही

रोलँड जुनो-१०६ या सिंथेसायझरची तक्रार बहुतेक वेळा ठरलेलीच असते. पाच सूर व्यवस्थित, सहावा मुका. किंवा सहावा वाजतो, पण कडकड आवाज करत. किंवा सगळ्या पट्ट्या सोडल्या तरी मागे एक सूर बारीक गुणगुणत राहतो. चालू केल्यावर पहिली दहा मिनिटं त्रास नाही आणि मशीन तापल्यावर सुरू, किंवा बरोबर उलटं, असंही होतं. दुरुस्त करून आणलं आणि काही महिन्यांनी तेच दुसऱ्या व्हॉइसला (एका वेळी एक सूर वाजवणाऱ्या सर्किटला) झालं, म्हणून लोक वैतागतात.

१९८४ मध्ये आलेल्या या सिंथला सहा व्हॉइस आहेत आणि प्रत्येक व्हॉइसला ८००१७ए नावाची एक काळी चिप. फिल्टर (सुराचा उजळपणा कमीजास्त करणारा) आणि व्हीसीए (सुराचा मोठेपणा ठरवणारा, त्याला बंद करणारा), दोन्ही तिच्यातच. संशयित क्रमांक एक तीच, यात वाद नाही. पण नावाजलेला संशयित असला की तपास न करता थेट त्यालाच धरलं जातं, आणि मग चांगली चिप उपटून ट्रॅक उखडून ठेवलेले बोर्ड समोर येतात. बिघाड कुठल्या व्हॉइसमध्ये आणि त्या व्हॉइसच्या कुठल्या टप्प्यावर आहे हे सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी ठरवता येतं. त्यासाठी पट्ट्या, स्लायडर आणि कान पुरतात. रोलँडच्याच एचएस-६० आणि एमकेएस-७ या सिंथमध्येही हीच चिप आहे, त्यामुळे चिपबद्दलचं पुढचं बहुतेक त्यांनाही लागू पडतं.

आधी व्होल्टेज

मशीनच्या मागच्या पट्टीवर काय छापलंय ते वाचा. भारतात येणाऱ्या जुन्या मशीन्समध्ये जपानच्या १०० व्होल्टच्या आणि अमेरिकेच्या ११७ व्होल्टच्या भरपूर असतात. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटात त्या थेट लावल्या तर फ्यूज जातो आणि नशीब वाईट असेल तर ट्रान्सफॉर्मरही. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर १०० व्हीएचा पुरतो, पण आउटपुट मशीनला जुळलं पाहिजे. १०० व्होल्टचं मशीन ११० व्होल्टवर चालतं खरं, फक्त रेग्युलेटर विनाकारण तापतात आणि तापलेल्या मशीनमध्ये जुन्या चिप लवकर जातात. स्टेप-डाऊन घेताना दोन वेगळ्या वाइंडिंगचा घ्या. बाजारात स्वस्तात मिळणारे बरेच ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतात, त्यांत मशीन मेन्सपासून वेगळं होत नाही.

झाकण उघडल्यावर पॉवर सप्लायजवळच्या भागात मेन्सचं व्होल्टेज असतं. चालू मशीनमध्ये मोजायचं असेल तर एक हात खिशात ठेवायची जुनी सवय चांगली. मीटरवर +१५, -१५ आणि +५ व्होल्ट दिसले पाहिजेत. अर्धा व्होल्ट इकडेतिकडे असेल तर चिपचा विचार बाजूला ठेवून आधी सप्लाय दुरुस्त करा. मीटर एसीवर लावून त्याच ठिकाणी काही दहा मिलिव्होल्ट दिसत असतील तर सप्लायमधले फिल्टर कपॅसिटर सुकलेत. अशा वेळी सहाही व्हॉइसमध्ये घरघर येते आणि माणूस सहा चिपांना दोष देत बसतो.

पॅच वाचवून ठेवा

मेमरी साध्या सीआर२०३२ सेलवर टिकते. तिच्यात १२८ पॅच (जतन केलेले आवाज) मावतात. सेल २.७ व्होल्टच्या खाली गेला असेल तर बदलायचाच, पण सेल काढला की पॅच गेले. म्हणून आधी मागच्या टेप जॅकमधून डेटा सेव्ह करून कॉम्प्युटरच्या लाइन-इनमध्ये रेकॉर्ड करा. फाइल वेव्ह (.wav) ठेवा, एमपी३ नको. फोनच्या व्हॉइस रेकॉर्डरवर तर अजिबात नको, तो आवाज आपल्या मर्जीने साफ करतो आणि डेटा वाचण्यालायक राहत नाही. नवा सेल बसवताना होल्डरच लावा, म्हणजे पुढच्या वेळी आयर्न लागणार नाही.

पट्टी गेली की व्हॉइस?

एकच ठरावीक पट्टी कधी वाजते, कधी नाही, असं असेल तर ती पट्टीखालच्या रबरी कॉन्टॅक्टची घाण. आयसोप्रोपिल अल्कोहोलने कार्बनचा ठिपका आणि खालचं बोर्ड पुसलं की काम झालं. ठिपका घासायचा नाही, कार्बन निघतो. याउलट बिघाड पट्ट्यांवर फिरत असेल, आता या पट्टीला, मग त्या पट्टीला, तर व्हॉइस गेलाय.

कुठला, ते मशीन स्वतः सांगतं. ‘की ट्रान्सपोज’ (KEY TRANSPOSE) हे बटण दाबून धरा आणि तसंच धरून पॉवर चालू करा. मशीन टेस्ट मोडमध्ये जातं आणि पट्टी दाबली की डिस्प्लेवर व्हॉइसचा क्रमांक येतो. आता सहा पट्ट्या एकापाठोपाठ दाबा आणि दाबूनच ठेवा, म्हणजे सहाही व्हॉइस वापरात येतातच. एकेक क्रमांक येताना कान द्या आणि लिहून ठेवा. एकदा थंड मशीनवर, एकदा अर्धा तास चालू ठेवून.

कोरस (सूर जाडसर करणारा इफेक्ट) या तपासणीत बंदच हवा. त्याची स्वतःची सळसळ असते आणि ती बिघाडात मोडत नाही.

लक्षणं ऐकायची कशी

सतत गुणगुणणारा सूर पकडायला एक सोपी युक्ती आहे. प्रत्येक व्हॉइसचा ऑसिलेटर पट्टी सोडल्यावरही आतल्या आत शेवटच्या सुरावर चालूच असतो, व्हीसीए त्याला बाहेर येऊ देत नाही एवढंच. व्हीसीए गळत असेल तर तो सूर हळू ऐकू येतो. मग एकेक पट्टी दाबत जा. ज्या क्रमांकाला ती मागची गुणगुण पट्टकन दुसऱ्या सुरावर उडी मारते, तो व्हॉइस गळका. हेडफोनवर हे लगेच कळतं.

फिल्टर गळतोय का हे पाहायला फिल्टरचे रेझोनन्स (कटऑफजवळचा आवाज उठावदार करणारा), एन्व्हलप (वेळेनुसार फिल्टर हलवणारा) आणि कीबोर्ड फॉलो (पट्टीच्या उंचीबरोबर फिल्टर हलवणारा) हे स्लायडर शून्यावर आणा, कटऑफ (फिल्टर किती उघडा ते ठरवणारा) जवळजवळ खाली, आणि सॉ वेव्ह चालू ठेवा. सहाही व्हॉइस सारखेच दबके वाजले पाहिजेत. एखादा उजळ वाजला तर त्याचा फिल्टर मिटत नाही. एखादा कटऑफ वर नेल्यावरही दबकाच राहिला तर त्याचा फिल्टर उघडत नाही. दोन्ही बिघाड ८००१७ए चे असू शकतात, पण इथे घाई नको. चिपला जे कंट्रोल व्होल्टेज मिळतं तेच चुकीचं असेल तरी आवाज असाच येतो. कटऑफ आणि लेव्हलची व्होल्टेज एकाच डी-ए (डिजिटल ते अॅनालॉग) कन्व्हर्टरमधून निघून ४०५१ मल्टिप्लेक्सरमार्गे सहा व्हॉइसना वाटली जातात. कटऑफचा स्लायडर खालून वर नेत शेजारच्या दोन चिपांच्या त्याच पायावर मीटर लावा. चांगल्या व्हॉइसवर व्होल्टेज हलतंय आणि वाईटवर अडकलंय, तर दोष चिपच्या आधी आहे. दोन्हीकडे सारखंच हलतंय आणि आवाज वेगळा आहे, तर चिप.

व्हॉइस पूर्ण मुका असेल तर शिट्टीची परीक्षा घ्या. पल्स आणि सॉ या वेव्ह बंद, सब (एक सप्तक खालचा सूर) आणि नॉइज शून्य, रेझोनन्स पूर्ण वर, कटऑफ मध्यावर. फिल्टर स्वतःच शिट्टी घालू लागतो. मुका व्हॉइस इथे शिट्टी देत असेल तर त्याचा फिल्टर आणि व्हीसीए दोन्ही ठीक आहेत, ८००१७ए निर्दोष सुटली. दोष मागे, वेव्ह तयार होते तिथे. वेव्हचं काम एमसी५५३४ए या तीन चिप करतात आणि एक चिप दोन व्हॉइस सांभाळते. म्हणून दोन व्हॉइस एकदम गेले, किंवा दोघांनाही पल्स मिळतोय पण सॉ नाही, असं झालं की तीच. ती ८००१७ए एवढ्या सर्रास जात नाही, पण जाते.

एक व्हॉइस बेसूर वाटतोय अशी तक्रार असेल तर जपून. ऑसिलेटर क्रिस्टलवरून डिजिटल काउंटरने चालतात, ते जुन्या अॅनालॉग मशीनसारखे घसरत नाहीत. रेझोनन्स शून्यावर आणून पुन्हा ऐका. बेसूरपणा गेला तर ऑसिलेटर ठीक आहे, फिल्टरची शिट्टी चुकीच्या सुरावर आहे आणि तिला ट्रिमर (बोर्डावरचा बारीक जुळवणीचा स्क्रू) फिरवून जुळवायचंय. सहाही व्हॉइस एकदम बेसूर असतील तर मागची ट्यूनिंगची नॉब आणि बेंडर (सूर वर-खाली वाकवणारी काडी) आधी बघा.

सहाही व्हॉइसमध्ये सारखाच दोष असेल तर चिपांना हात लावू नका. सहा चिप एकाच दिवशी एकाच तऱ्हेने मरत नाहीत. व्हॉइस एकत्र झाल्यावर सिग्नल हाय-पास फिल्टर, कोरस आणि व्हॉल्यूम यांतून जातो. शोध तिथे घ्यायचा.

ही चिप का जाते

८००१७ए म्हणजे खरं तर एक छोटं बोर्ड आहे. त्यावर फिल्टरची आयआर३१०९, व्हीसीएच्या बीए६६२ जातीचे भाग आणि आजूबाजूला बारीक रेझिस्टर-कपॅसिटर. या सगळ्यावर काळ्या रेझिनचा जाड लेप आहे. खराब होतो तो लेपच. वर्षं गेली की तो थोडा थोडा वीज वाहू लागतो. फिल्टरमध्ये काही जागा अशा असतात की तिथले प्रवाह अगदी नगण्य, त्यामुळे लेपातून होणारी जराशी गळतीही पुरते आणि फिल्टर मिटत नाही, व्हीसीए बंद होत नाही किंवा कडकड सुरू होते. आतली सिलिकॉन बहुतेक वेळा धड असते. म्हणून लेप काढला की बऱ्याच चिप पुन्हा चालतात. सगळ्या नाही.

पक्कं करायचं असेल तर कडकड चालू असताना संशयित चिपवर फ्रीझ स्प्रेचा छोटा फवारा मारा. आवाज तिथल्या तिथे बदलला तर संशय खरा. पण आधी चिप ओळखली पाहिजे. बोर्डावरचा क्रम मनाने धरू नका, टेस्ट मोडमध्ये क्रमांक बघत चिपच्या आउटपुटवर प्रोब लावून एकेक व्हॉइस ओळखा आणि चिपवर कागदी टेपने क्रमांक चिकटवा.

काढणे

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. बोर्ड चाळीस वर्षांचं आहे, पॅड सहज सुटतात. तापमान ठरवता येणारं आयर्न ३५० अंशांच्या आसपास ठेवा. जुन्या जोडावर आधी थोडं नवं ६०/४० सोल्डर आणि फ्लक्स घाला. जुनं सोल्डर थेट ओढायला गेलं की निघत नाही आणि माणूस आयर्न दाबत राहतो. नवं मिसळलं की पंपाने ओढलं जातं, उरलेलं विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या वेणीने). प्रत्येक पाय भोकात हलतोय हे चिमट्याने हलवून बघा. सगळे हलले तरच चिप ओढा. अडकली तर ओढू नका, अडकलेला पाय शोधा. काढण्याआधी फोटो घ्या आणि पहिल्या पायाच्या बाजूला चिपवर खूण करा, कारण लेप निघाला की त्यावरची छापील अक्षरंही जाणार.

एकच व्हॉइस गेलाय म्हणून एकच काढायची की सहाही? सहाही काढा. सगळ्यांचा लेप त्याच वयाचा आहे, आणि एकेक करून सहा वेळा मशीन उघडण्यात बोर्डाचे हाल होतात.

अॅसिटोन

केमिकलच्या दुकानातलं शुद्ध अॅसिटोन घ्या. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल, रंग आणि वास मिसळलेले असतात. भांडं काचेचं, झाकण घट्ट. बऱ्याच साध्या प्लास्टिकच्या डब्या अॅसिटोनमध्ये विरघळतात. खिडकी उघडी, गॅस, उदबत्ती आणि चालू आयर्न लांब.

चिप पूर्ण बुडतील एवढं अॅसिटोन घालून एक ते तीन दिवस ठेवा. दुसऱ्या दिवशी द्रव काळपट झालेला असतो, तो टाकून ताजा भरा. लेप फुगून कडेने सुटू लागतो, बोटाने ढकलला तर सालपटासारखा येतो. न आल्यास परत बुडवा. चाकू किंवा स्क्रूड्रायव्हरने खरवडलं की लेपाबरोबर बारीक कपॅसिटरही निघून येतो, आणि तो कुठून निघाला हे मग कळत नाही. मऊ टूथब्रश आणि लाकडी टूथपिक पुरतात. मोठं सालपट निघाल्यावर काम संपत नाही. आयसीच्या पायांमध्ये आणि भागांच्या खाली राहिलेला काळा चिकटा हाच गळतीचा रस्ता असतो. भिंगाखाली बघा, राहिला असेल तर आणखी एक रात्र. शेवटी स्वच्छ अॅसिटोनने, मग आयसोप्रोपिलने धुवून काही तास वाळू द्या.

उघडी चिप तशीच बसवली तरी चालते, मशीन बंद डब्यात असतं. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत खाऱ्या दमट हवेत मशीन राहणार असेल तर अॅक्रिलिक कन्फॉर्मल कोटिंगचा पातळ थर द्यावा, पण चिप काही दिवस नीट चालल्याची खात्री झाल्यावरच. कोटिंगखाली कैद झालेली घाण परत गळते.

धुऊनही न सुधारलेली चिप परत परत बुडवण्यात अर्थ नाही. तिच्या आतलं सिलिकॉन गेलंय. ८००१७ए च्या जागी बसणाऱ्या नव्या पर्यायी चिप परदेशातून मागवता येतात. घरी वाजवायच्या मशीनला धुतलेल्या चिप पुष्कळ झाल्या. कार्यक्रमांना नेणार असाल तर नव्या घ्या आणि धुतलेल्यांतल्या चांगल्या डबीत जपून ठेवा.

सॉकेट आणि अदलाबदल

चिप परत सोल्डर करू नका, एकेरी पट्टी सॉकेट बसवा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत मिळतात. दुकानात जाताना जुनी चिप सोबत न्या: पाय चपटे आहेत, गोल भोकाच्या सॉकेटमध्ये ते सैल बसतात किंवा बसतच नाहीत. चपट्या पायाला दोन्ही बाजूंनी धरणारं सॉकेट घ्या.

सॉकेट असले की निदान फुकटात होतं. वाईट व्हॉइसची चिप आणि चांगल्या व्हॉइसची चिप मशीन बंद करून बदला. दोष चिपबरोबर गेला तर चिप वाईट, जागेवरच राहिला तर बोर्ड. चालू मशीनमध्ये चिप काढू-घालू नये, आणि उलटी बसली तर ±१५ व्होल्ट नको त्या पायांवर जातात. म्हणून ती खूण.

ट्रिमर

नव्या किंवा धुतलेल्या चिप बसवल्यावर सहा व्हॉइस सारखे वाजणार नाहीत. ते अपेक्षितच आहे. या चिप जिथे बसतात त्या मॉड्यूल बोर्डावर प्रत्येक व्हॉइसला फिल्टरची फ्रीक्वेन्सी, फिल्टरची विड्थ, व्हीसीएचं गेन आणि ऑफसेट यांचे ट्रिमर आहेत. फिरवण्याआधी प्रत्येकाची मूळ जागा मार्करने आखून ठेवा. सर्व्हिस मॅन्युअल हाताशी असेल तर टेस्ट मोडमधले प्रोग्राम आणि त्यातले आकडे तिथूनच घ्या.

मशीन निदान अर्धा तास तापू द्या. आधी ऑफसेट: पट्टी दाबताना येणारा ठप्प आवाज कमीत कमी होईल तिथे. मग फिल्टर. रेझोनन्स आणि कीबोर्ड फॉलो पूर्ण, वेव्ह सगळ्या बंद, आउटपुट ट्यूनरला. खालच्या सी वर फ्रीक्वेन्सी लावा, मग दोन सप्तकं वरच्या सी वर जा. शिट्टीची कंपनसंख्या बरोबर चौपट हवी. नसेल तर विड्थ फिरवा. विड्थ हलली की फ्रीक्वेन्सीही थोडी हलते, म्हणून खालीवर दोन-तीन फेऱ्या कराव्या लागतात. एका फेरीत जुळलं असं वाटलं तर पुन्हा तपासा. शेवटी सॉ वेव्हवर सहाही व्हॉइसचं गेन सारखं करा. ऑसिलोस्कोप असेल तर त्यावर, नसेल तर कॉम्प्युटरच्या रेकॉर्डिंगमधल्या लेव्हलवर. कानावर हे सोडू नये, उजळ वाटणारा व्हॉइस कानाला मोठाही वाटतो.

त्यानंतर मशीन दोन-तीन तास चालू ठेवून टेस्ट मोडमध्ये सहा व्हॉइसची तीच फेरी परत घ्या. कडकड एखाद्याच व्हॉइसला आणि फक्त गरम झाल्यावर परत येत असेल, तर चिप बदलण्याआधी तिच्या सॉकेटचे जोड आणि मॉड्यूल बोर्डाचे कनेक्टर बोटाने हळूच हलवून बघा. आवाज हलवण्याने बदलला तर जोड पुन्हा सोल्डर करा. टेप जॅकमधून पॅच परत भरताना मागचा मेमरी प्रोटेक्टचा स्विच ऑफ हवा, आणि भरून झाले की ऑन.